दंड : निरंक

“नाव?”

“करुणा सदाशिव ऐवळे.”

“खेळ?”

“गोळाफेक.”

“ते दिसतंयच,” शिरगावकर सर म्हणाले. शेजारी बसलेले कारकून चौगुले भाऊसाहेब हसले. तेरा वर्षांची ती मुलगी हसली नाही. तिनं अर्ज टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधून उभी राहिली, मैदानावर आपलं नाव पुकारायची वाट बघतात तशी.

“कानडे मॅडम,” सर मला म्हणाले, “हिचं बीपी बघा. जरा नीट बघा.”

“बाकीच्यांचं?”

“त्यांचं झालंय. हिचंच राहिलंय.”

शिरगावकर सर प्रमुख असलेल्या त्या निवासी क्रीडा केंद्रातला माझा तो दुसराच दिवस होता. मी चोवीस वर्षांची होते, शरीरक्रियाशास्त्रात नुकतीच एमएस्सी झाले होते आणि तीन महिन्यांसाठी तांत्रिक सहायक म्हणून लागले होते. केंद्रात आठ ते तेरा वर्षांची साठ मुलं घ्यायची होती. राहणं, जेवण, शाळा, सराव, सगळं तिथेच. मैदानावरच्या चाचण्या होऊन गेल्या होत्या, उंची, वजन, कंबर तिथेच मोजून झालं होतं आणि मुलींच्या गोळाफेकीत करुणा पहिली आली होती. आता फक्त केंद्राच्या डॉक्टरांनी छापून घेतलेला वैद्यकीय अर्ज पूर्ण व्हायचा होता.

मी तिला खुर्चीत पाठ टेकून बसवलं. पाय जमिनीवर ठेवायला सांगितले, पाच मिनिटं कुणाला तिच्याशी बोलू दिलं नाही, हात छातीच्या उंचीला येईल असा वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. बीपीच्या मशीनच्या खोक्यात हाताला गुंडाळायचे दोन पट्टे होते. एकावर पांढरी चिकटपट्टी लावून कुणीतरी ‘बालक’ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘प्रौढ’. मी ‘बालक’ घेतला. तो जेमतेम बसला.

“घट्ट होतोय का गं?”

“होतोय. पन चालंल.”

मी एक-एक मिनिट थांबून तीनदा मोजलं. तीनदा जवळपास तोच आकडा आला. सरासरी काढली, अर्जावर १३८/८८ लिहिलं आणि खाली सही केली.

“जास्त हाय का?” तिनं विचारलं.

“थोडं जास्त आहे.”

“मी पळत न्हाय आले मॅडम. चालतच आले स्टँडवरनं.”

“हो, कळलं,” मी म्हणाले.

दोन दिवसांनी फळ्यावर यादी लागली. करुणाच्या नावासमोर लाल शाईत लिहिलं होतं : लठ्ठपणा व उच्च रक्तदाब, अपात्र.

दहाच्या सुमाराला तिचे वडील तिला घेऊन आले. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची हमाली करायचे. नखं पिवळी, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्याही पिवळट, आणि बाह्यांच्या आत हात नव्हेत तर खांब. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि सरांच्या टेबलासमोर उभे राहिले. बसा म्हणून कुणी म्हणालं नाही.

“सर, पोरीला बीपी हाय म्हनं.”

“आहे. मॅडमनी तीनदा मोजलंय.”

“तेरा वर्साच्या पोरीला? सर, माझ्या आईला सत्तराव्या वर्सी बी न्हवतं.”

“तुमची आई एवढी होती का?” सरांनी हातानं करुणाभोवती हवेत एक गोल काढला. “ऐवळे, राग मानू नका. पोरीला आधी बारीक करा. भात बंद करा, तेलकट बंद करा. मग आणा.”

“बारीक मानूस गोळा टाकतंय का सर?”

भाऊसाहेब पुन्हा हसणार होते, पण सरांचा चेहरा बघून थांबले.

“पुढच्या वर्षी आणा,” सर म्हणाले.

“पुढच्या वर्सी वयात बसत न्हाय ती. चौदावं लागतंय.”

“मग मी काय करू? नियम आहे. उद्या मैदानावर पडली-बिडली तर पेपरात नाव माझं येणार, तुमचं नाही.”

करुणा सगळं ऐकत होती. तिच्या जागी मी असते तर रडले असते. ती टेबलाच्या पायाकडे बघत उभी होती, आणि फक्त एकदा, सरांनी तो गोल काढला तेव्हा, तिनं ओढणी पोटावरून नीट केली.

त्या ओढणीमुळे माझं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं. पोट नव्हतंच. खांदे रुंद होते, दंड जाड, मांड्या जाड, पण पोट आत होतं. मी तिचा अर्ज उचलला. उंची एकशे एकसष्ट, कंबर चौऱ्याहत्तर. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी. वाढत्या मुलांत चरबी किती आहे याच्याइतकंच ती कुठे आहे यालाही महत्त्व असतं. पोटाभोवती साठली की रक्तदाब वाढलेला सापडण्याची शक्यता बरीच असते. मांड्यांवर आणि दंडांवर असली तर त्या मानानं कमी. आणि हिच्या दंडात चरबी किती नि गोळा टाकून झालेला स्नायू किती, ते तर कुणी बघितलंच नव्हतं. १३८/८८ अशक्य नव्हतं, पण मला ते पटेना. बाकीच्या मुलांशी ताडून बघावं म्हणून मी कपाटातून सगळ्या अर्जांची फाईल काढली.

पहिला अर्ज : रक्तदाब ११०/७०.

दुसरा : ११०/७०.

मी पानं उलटत गेले. आठ वर्षांचा जिम्नॅस्ट, एकशे दहा-सत्तर. तेरा वर्षांची धावपटू, एकशे दहा-सत्तर. एकोणसाठ मुलं, एकोणसाठ वेळा तोच आकडा, एकाच निळ्या पेनानं. आणि अर्जाच्या दुसऱ्या पानावर, अगदी वर, ‘दंड’ असं छापलेलं होतं. त्यापुढे एकोणसाठ वेळा लिहिलेलं होतं : निरंक. करुणाच्याही अर्जावर तेच. ते दुसरं पान मी परवा उलटूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

“भाऊसाहेब,” मी त्यांना फाईलपाशी बोलावलं. “हे दंड निरंक म्हणजे काय?”

“म्हणजे दंड नाही. सगळी चांगल्या वळणाची पोरं आहेत.”

“कसला दंड?”

“शाळेनं केलेला. काचा फोडल्या, मारामारी केली, काय असेल ते. खाली ‘शाळेचा शेरा’ आहे बघा. वर दंड, खाली शेरा.”

मी माझा हात वर केला आणि कोपराच्या वर बोटं ठेवली. “हा दंड, भाऊसाहेब. याचा घेर लिहायचा होता. सेंटिमीटरमध्ये.”

त्यांनी माझ्या दंडाकडे पाहिलं, मग अर्जाकडे, मग परत दंडाकडे.

“मग तसं छापायचं की डॉक्टरांनी! हाताचा दंड म्हणून. माणसानं काय समजायचं?”

“आणि एकशे दहा-सत्तर?”

“ते नॉर्मल असतं ना?”

“एकोणसाठ मुलांचं?”

भाऊसाहेबांनी सरांच्या टेबलाकडे पाहून आवाज खाली आणला. “पहिल्या दिवशी डॉक्टर आलेच नाहीत, मॅडम. फाईल तर वर पाठवायची होती. सर म्हणाले, मैदानावर पळणारी पोरं आहेत, त्यांना काय होतंय, नॉर्मल भरून टाका. फक्त ती जाडी बाजूला ठेवा, तिचं खरं बघू.”

तिचं खरं बघू. त्याला आता अकरा वर्षं झाली, पण हे तीन शब्द आठवले की अजून कानशिलं तापतात. साठ मुलांत बीपी मोजलेलं मूल एकच, आणि मोजलं म्हणूनच ते बाद. बाकीच्यांना कुणी पट्टासुद्धा लावला नव्हता, म्हणून ती धडधाकट.

दंडाचा रकाना डॉक्टरांनी कशासाठी ठेवला होता तेही त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं होतं : घेर पाहून पट्टा निवडावा. मी खोकं उघडलं आणि ‘बालक’ लिहिलेला पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला कंपनीनंच आकडे छापले होते. १६ ते २१ सेंटिमीटर. वयाचा कुठे उल्लेखही नव्हता. ‘बालक’ ही चिकटपट्टी आमच्याच भांडारातल्या कुणाची तरी हुशारी होती.

“करुणा, इकडे ये.”

टेप तिच्या दंडाभोवती फिरवली. एकतीस.

पट्टा हातापेक्षा लहान असला की आतली रक्तवाहिनी दाबली जाण्यासाठी त्यात जास्त हवा भरावी लागते, आणि त्या हवेचा जास्तीचा दाब मशीन रक्तदाब म्हणून दाखवतं. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी आकृतीसकट लिहिलं असतं. पण समोर तेरा वर्षांची मुलगी बसल्यावर मी चिकटपट्टीवरचा शब्द वाचला आणि तिचा हात बघितला नाही. तीनदा मोजलं होतं मी. तिन्ही वेळा काळजीपूर्वक चुकीचं. भाऊसाहेबांच्या खोट्या आकड्यांनी निदान कुणी बाद तरी झालं नव्हतं. सही माझी होती.

मी मशीन उचलून सरांच्या टेबलावर नेलं.

“सर, परवाची माझी मोजणी चुकली. पट्टा लहान होता. तुमच्यासमोर पुन्हा घेते.”

“आता? यादी लागलीय.”

“पाच मिनिटं बसू दे तिला, मग घेते.”

ती पाच मिनिटं फार लांबली. ऐवळे भिंतीला टेकून उभे होते. भाऊसाहेब फाईलवर हात ठेवून बसले होते, जणू ती उडून जाईल. मग मी दुसरा पट्टा लावला. एकशे सोळा-बहात्तर. एकशे चौदा-सत्तर. एकशे सोळा-बहात्तर.

“मोठा पट्टा लावला की कमी येणारच,” सर म्हणाले. “उद्या तुम्ही पोत्याचा पट्टा लावाल आणि शून्य आणाल.”

“सर, याच्यावर बावीस ते बत्तीस लिहिलंय. तिचा दंड एकतीस आहे. हाच तिच्या मापाचा.”

“परवा कुठं गेलं होतं हे शास्त्र?”

“परवा मी चुकले. ते लिहून देते. पण बाकीच्यांचं कुणी मोजलेलंच नाही.”

सरांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब फाईलकडे बघत राहिले.

“मॅडम, तुम्हाला इथं येऊन चार दिवस झालेत,” सर म्हणाले. “मी एकवीस वर्षं पोरं बघतोय. मला मशीन लागत नाही. ही बघा.” त्यांनी दारातून बाहेर बोट केलं. बाकावर एक मुलगी पाय हलवत बसली होती. “अनुष्का साळवी. नेमबाजी. अकरा वर्षांची. कशी चवळीची शेंग आहे! घ्या हिचं. घ्याच. आणि एकशे दहा-सत्तर आलं की हा विषय बंद.”

अनुष्का आत आली. तिची आई खिडकीपाशी कुठला तरी दाखला जमा करत होती. मुलगी गोड होती, बडबडी होती, खुर्चीत बसल्या बसल्या विचारायला लागली की हे दुखतं का. हातपाय काड्यांसारखे, आणि फ्रॉकच्या पट्ट्यावर एक छोटंसं गोल पोट, लोक ज्याला गंमतीनं तबला म्हणतात तसं. दंड एकोणीस. म्हणजे हिला लहान पट्टाच बरोबर होता. मी तिलाही पाच मिनिटं गप्प बसवलं, तिला ते फार जड गेलं.

एकशे चौतीस-अठ्ठ्याऐंशी.

मी मिनिटभर थांबले. एकशे बत्तीस-शहाऐंशी. पुन्हा थांबले. एकशे चौतीस-अठ्ठ्याऐंशी.

“छान बसलीस. जा, आईजवळ बस,” मी तिला म्हणाले. ती उड्या मारत गेली. तिच्या अर्जावर उंची एकशे छत्तीस, वजन तेहतीस, कंबर एकोणसत्तर लिहिलेली होती. वजन वयाला साजेसं, आणि कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त. ते कुणालाच खटकलं नव्हतं, कारण ते कुणी वाचलंच नव्हतं.

मशीनचा पडदा मी सरांकडे वळवला.

“मशीन बिघडलंय,” ते म्हणाले.

माझा आवाज चढला. “याच मशीननं हिला बाद केलंत ना सर? हिच्यावर बरोबर चालतं आणि तिच्यावर बिघडतं?”

“हळू बोला.”

“एका बैठकीवरून निदान होत नाही, हे मला कळतं. त्या मुलीला दवाखान्यात पाठवून पुन्हा तपासायला हवं. पण मग करुणालाही एकाच बैठकीवरून लाल शाई का लावली? आपण तिला पुन्हा या म्हटलं का? भात बंद करा म्हटलं!”

ऐवळे भिंतीपासून सरळ झाले. सरांनी खुर्ची मागे सरकवली, दार लोटलं आणि परत येऊन बसले. त्यांचा सूर एकदम घरातल्यासारखा झाला.

“कानडे मॅडम, बसा. तुमचं म्हणणं काय, या मुलीवर अन्याय झालाय. बरोबर? दूर करू. भाऊसाहेब, ऐवळेचा अर्ज काढा. नवीन कोरा घ्या. हिचंही एकशे दहा-सत्तर लिहा, बाकीच्यांसारखंच. दंड निरंक. यादीत नाव घाला. ऐवळे, सोमवारी पोरगी सामान घेऊन येऊ दे. झालं?”

“आणि बाकीचे?” मी विचारलं.

“बाकीच्यांची काय तक्रार आहे का?”

ऐवळ्यांनी हात जोडले होते. खरं सांगते, त्या क्षणी मीही गप्प बसले. पोरीची जागा समोर होती, हात पुढे केला की मिळणारी. भाऊसाहेबांनी कोरा अर्ज घेतला, निळं पेन उघडलं आणि नाव लिहायला सुरुवात केली.

“एकशे सोळा,” करुणा म्हणाली.

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. “काय?”

“माझं एकशे सोळा-बहात्तर आलंय. एकशे दहा न्हाय.”

“अगं बाई, एकशे दहा त्याहून चांगलं,” सर म्हणाले. “तुझ्या फायद्याचं आहे.”

“पन माझं न्हाय ते.”

“करुणे, लिवू दे की सायबांना,” ऐवळे दबक्या आवाजात म्हणाले. “आत घ्यायला लागल्यात न्हवं?”

“आबा, उद्या कुनी परत मोजलं आन सोळा आलं तर?” तिनं वडिलांकडे तोंड वळवलं. तिचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकत होते. “खोटं लिवून आत आली म्हनतील. समद्यांचंच खोटं लिवलंय, पन त्यांचं कोन बघायला जातंय? बघायचं झालं की मलाच बघत्यात. परवा बी मलाच बघितलं.”

ती परत टेबलाकडे वळली.

“बघतीलच मला,” ती सरांना म्हणाली. “म्हनून खरं लिवा. आन दंडाचा एकतीस बी लिवा.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच तिला पढवलं होतं. मी कोरा अर्ज भाऊसाहेबांपुढून ओढून घेतला. रक्तदाब ११६/७२. दंड ३१ सें.मी., मोठा पट्टा. खाली सही केली, आणि जुन्या अर्जावर, माझ्या पहिल्या आकड्याशेजारी, पट्टा चुकीचा असल्याने मोजणी रद्द, असं लिहून तिथेही सही केली. मग दोन्ही कागद सरांसमोर ठेवले.

“यावर सही करा, नाहीतर हिला का घेत नाही ते आत्ता आमच्यासमोर लिहून द्या,” मी म्हणाले.

त्यांनी सही केली. पेन टेबलावर आपटूनच केली, पण केली. भाऊसाहेबांनी फळ्यावरच्या यादीत लाल शाईवर रेघ मारली. बाकीच्या अर्जांचं बघू, सर म्हणाले, आणि त्यांनी ते कधीच बघितलं नाही. माझे तीन महिने त्यांनी त्याच आठवड्यात संपवले. मी जिल्ह्याच्या कचेरीत लेखी दिलं. तिथून उत्तर आलं की सर्व खेळाडूंची वैद्यकीय तपासणी झालेली असून अहवाल समाधानकारक आहेत.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी खोलीतून थेट बाकापाशी गेले. ऐवळे बापलेक माझ्यामागून बाहेर आले. ऐवळे वाकून चपला शोधत होते.

अनुष्काची आई डब्यातली पोळी मुलीला भरवत होती.

“ताई, मी आत्ता हिचा रक्तदाब मोजला,” मी तिच्याजवळ बसून हळू सांगितलं. “तो वयाच्या मानानं बराच जास्त आला. तीनदा घेतला. घाबरू नका, पण या आठवड्यात मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. दंडाच्या मापाचा पट्टा वापरायला सांगा. आणि हिच्या पोटाचा घेरही...”

“हिचा?” बाई हसली. “अहो, अंगावर मांस नाही हिच्या. चार घास खायला तास लागतो.”

“बारीक मुलांतही असतं, ताई.”

तिनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिथे करुणा उभी होती. बाईचा चेहरा एकदम मोकळा झाला, कोडं सुटल्यासारखा.

“तुमची काहीतरी गल्लत झालीय,” ती मला म्हणाली. “ते त्या मुलीचं असेल.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात करुणा पुढे आली.

“माझंच समजा, काकू,” ती म्हणाली. “पन दवाखान्यात हिला न्या.”